शिवार दिसते, वर्ष दिसत नाही

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याकडे सिनेमाचे लक्ष गेले ते त्याने गळफास घ्यायला सुरुवात केल्यावर. त्याआधीची त्याची हयात कोणी फारशी टिपली नाही, आणि आजही टिपत नाही.

बुलडाणा जिल्ह्याचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून-सवरून नोकरीविना घरी बसलेला एकनाथ आणि शेतीपायी खंगत चाललेले त्याचे घर त्या कादंबरीत हंगामागून हंगाम उलगडत जाते. धीरज मेश्राम यांनी २०१२मध्ये तिच्यावर चित्रपट केला, पण हिंदीत. विषय पोचला, वऱ्हाडी बोली मात्र मागेच राहिली. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ गेले की त्या माणसांचा रागही परका वाटू लागतो.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मला कितीतरी सरस वाटतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला नवऱ्याची धास्ती बसते. ती पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते. बाप शेताकडे निघाला की पोरगा मागे. त्या एवढ्याशा पाठलागात सगळ्या घराचे भय मावले आहे. पावसाने दडी मारून केलेली पेरणीची नासाडीही इथे नीट दिसते. तरी कथेचा खुंटा मरणाच्या शंकेलाच रोवलेला आहे.

म्हणूनच फ्रान्सचा दिग्दर्शक जॉर्ज रूकिए याची आठवण काढावीशी वाटते. १९०९चा जन्म, बाप पहिल्या महायुद्धात गेला, पोटासाठी छापखान्यात लायनोटाइपवर काम. त्या कामातून तो सिनेमाकडे वळला. पिंपे बनवणाऱ्या कारागिरावर त्याने १९४२मध्ये लघुपट केला आणि मग आव्हेरों प्रांतातल्या आपल्याच नातलगांच्या शेतावर वर्षभर मुक्काम ठोकून ‘फारबिक’ (१९४६) चित्रित केला. नट नाहीत, घरचीच माणसे. पाव भाजणे, नांगरट, घराची दुरुस्ती करायची की नाही यावरचा खल, वीज आणायची का, वाटणी कशी करायची, म्हाताऱ्याचा मृत्यू. मरणही तिथे चार ऋतूंपैकी एकाच्या वाट्याला येते. कान महोत्सवात ‘फारबिक’ला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पुढे १९८३च्या ‘बिकफार’साठी रूकिए त्याच माणसांकडे परतला. त्यात ट्रॅक्टर आणि कीटकनाशके आली आहेत, छोटी शेते विकली जात आहेत. दोन चित्रपट शेजारी ठेवले की एका गावाची चार दशके कळतात.

आपल्याकडे वखरणी, डवरणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी हे सगळे गाण्याच्या दोन कडव्यांत उरकले जाते. दुबार पेरणीसाठी बियाणे उधार मागताना कृषी केंद्राच्या काउंटरवर होणारे बोलणे मी कोणत्याही चित्रपटात पुरेसे ऐकलेले नाही. खरे नाट्य तिथे आहे.

आज कॅमेरा स्वस्त झाला आहे. चिखली, मेहकर, खामगावच्या तरुणांनी पटकथेच्या मागे न धावता एक घर धरावे, मृगापासून पुढच्या मृगापर्यंत तिथे राहावे आणि जे बोलले जाईल ते वऱ्हाडीतच ठेवावे.