न झालेल्या चुका : बोईसर-तारापूर परिसरातील मराठीच्या अध्यापनासंबंधी

परभाषा शिकणाऱ्याच्या लेखनातील चुका मोजाव्यात, त्यांची वर्गवारी करावी आणि जेथे संख्या मोठी तेथे अडचण मोठी असे समजावे, ही पद्धती आपल्याकडील भाषाध्यापनात इतकी रुळलेली आहे की तिला एखाद्या सिद्धान्ताचा आधार लागतो याचेच विस्मरण होते. तो आधार किती डळमळीत आहे हे इंग्रजी शिकणाऱ्या चिनीभाषकांच्या उदाहरणाने अर्धशतकापूर्वीच दाखवून दिले. पालघर जिल्ह्यात, विशेषतः बोईसर-तारापूरच्या औद्योगिक परिसरात, परप्रांतीय कुटुंबांतील मुलांना मराठी शिकविताना त्या उदाहरणाकडे पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये व्यतिरेकी पद्धतीची मांडणी केली. स्वभाषा व परभाषा यांच्या रचना शेजारी ठेवाव्यात, जेथे त्या भिन्न असतील तेथे विद्यार्थी अडखळेल, असे तिचे सूत्र. दहा वर्षांनी पिट कॉर्डर यांनी चुकीकडे दोष म्हणून न पाहता शिकणाऱ्याच्या मनातील व्याकरणाचा पुरावा म्हणून पाहावे असे प्रतिपादन केले, आणि भाकितापेक्षा प्रत्यक्ष चुकांचे विश्लेषण श्रेष्ठ ठरू लागले. १९७४ मध्ये जॅकलिन शॅक्टर यांनी या दुसऱ्या पद्धतीच्या वर्मावर बोट ठेवले. निरनिराळ्या भाषिक गटांचे सारख्या संख्येचे इंग्रजी निबंध घेऊन त्यांनी त्यांतील विशेषणवाक्ये मोजली. फारसीभाषकांच्या निबंधांत ती १७४ आढळली व त्यांपैकी ४३ चुकीची होती. चिनीभाषकांच्या निबंधांत चुकीची केवळ ९ होती. चुकाच मोजणाऱ्याने येथे चिनी विद्यार्थ्यांची पाठ थोपटली असती. परंतु त्यांची एकूण विशेषणवाक्ये होती ७६. ते चुकत नव्हते, कारण ते त्या वाटेला फारसे जातच नव्हते.

याचे कारण मराठी वाचकाला स्वभाषेवरून सहज कळेल. ‘काल आलेला माणूस’ या रचनेत विशेषण ठरणारा मजकूर नामाच्या आधी येतो. चिनी भाषेत अशा प्रकारचे संपूर्ण वाक्यच नामाच्या आधी येऊन बसते. इंग्रजीत व फारसीतही ते नामानंतर येते. फारसीभाषक परिचित वाटेने धीटपणे जातो व ठेचकाळतो, तर चिनीभाषक दोन लहान वाक्ये करून मोकळा होतो.

शॅक्टर यांचा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. संख्या कमी आहे एवढ्यावरून ती रचना टाळली गेली असे सिद्ध होत नाही. क्लाइनमन यांनी १९७७ मध्ये योग्य भेद केला : जे अवगत आहे तेच टाळता येते, जे अवगतच नाही त्याचा अभाव हे निव्वळ अज्ञान होय. उत्तरपत्रिकेत दोन्ही सारखीच दिसतात, उपाय मात्र वेगळे. शिवाय ‘चिनीभाषक’ हे नामाभिधानच ढोबळ आहे. मँडरिनमध्ये शब्दान्ती ‘प’, ‘त’, ‘क’ हे स्पर्शवर्ण येत नाहीत, कँटनीत येतात. इंग्रजी शब्दाचे शेवटचे व्यंजन गाळण्याची अडचण या दोघांची एकच असणे संभवत नाही.

हाच ढोबळपणा आपल्या ‘अमराठी’ या शब्दात आहे. तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरला वसली, तारापूर अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून येणाऱ्या कामगारांची मुले येथील शाळांत दाखल होऊ लागली. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. सक्तीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे कर्तव्य नाही. प्रश्न असा की ती कोणाला शिकविली जात आहे. ओडियाभाषक मुलास ‘ळ’ घरचाच आहे, पण व्याकरणिक लिंग ही कल्पनाच नवी. डहाणू-तलासरीकडील गुजरातीभाषक मुलास तीन लिंगेही परिचित आणि ‘ळ’ही. हिंदीभाषकास नपुंसकलिंग अडते. आणि ज्याला हिंदीभाषक म्हणून नोंदविले जाते त्याच्या घरी अनेकदा भोजपुरी असते, म्हणजे हिंदी हीच त्याची शिकलेली भाषा. या सर्वांना एका यादीत घालून एकच चूकपत्रक लावणे म्हणजे वैद्याने नाडी न पाहता गावाला एकच काढा पाजण्यासारखे आहे.

लिंगाची चूक निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या अडचणी अधिक गंभीर आहेत. मराठीत ‘मी काल बाजारातून आणलेले पुस्तक’, ‘राम राहत असलेली खोली’ अशा धातुसाधित रचनांना मोठी मोकळीक आहे. हिंदीत ‘पढ़ी हुई किताब’ चालते, परंतु ‘राहत असलेली खोली’ला त्या साच्यात जागा नाही, तेथे ‘जो’-‘वह’चा आश्रय घ्यावा लागतो. म्हणून हिंदीतून आलेला विद्यार्थी ‘ज्या खोलीत राम राहतो ती खोली’ असे लिहील अशी अपेक्षा करता येते. वाक्य निर्दोष आहे, गुण पूर्ण मिळतील. चिनी विद्यार्थ्याच्या इंग्रजी निबंधासारखाच हाही निबंध स्वच्छ असेल, आणि मराठीची एक मुख्य वहिवाट त्यात नसेल.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे उदाहरण याहून बोलके आहे. हिंदीत दोहोंना ‘हम’, गुजरातीत मात्र ‘अमे’ व ‘आपणे’ असा भेद आहे. ‘आम्ही उद्या जेवायला जाऊ’ या वाक्यात परीक्षकाला खूण करण्याजोगे काही नाही. परंतु समोरच्यास बरोबर नेण्याचा बेत असेल, तर बोलणाऱ्याने नकळत त्याला पंक्तीतून उठविलेले असते. ही चूक व्याकरणाच्या तपासणीत येत नाही, ती माणसामाणसांत उमटते आणि शिष्टाचारापोटी कोणी दुरुस्तही करीत नाही.

टाळण्याची सोय फक्त बोलणाऱ्यास व लिहिणाऱ्यास असते. वाचणाऱ्यास ती नाही. कारखान्यात हिंदीवर भागते हे खरे. पण शिधापत्रिका, दाखला, शाळेची सूचना येथे मराठीच भेटते, आणि शासकीय मराठी तर या धातुसाधितांवरच उभी आहे. ‘यापूर्वी लाभ घेतलेल्या व थकबाकी असलेल्या अर्जदारांनी अर्ज सादर करू नयेत’ हे वाक्य घ्यावे. ‘लाभ’, ‘अर्ज’, ‘सादर’ हे शब्द हिंदीभाषकास ओळखीचे वाटतील. कोणी अर्ज करायचा नाही हे ‘घेतलेल्या’ व ‘असलेल्या’ यांत आहे, आणि करायचाच नाही हे ‘नयेत’ मध्ये, जे रूप हिंदीत नाही. ओळखीच्या शब्दांवरून तो नेमका उलटा अर्थ घेण्याचा संभव आहे. हेलपाटा त्याचा, रोजगार बुडणार त्याचा.

तेव्हा चाचणीत लेखनाच्या जोडीस आकलन हवे, आणि ज्या रचना उत्तरात येत नाहीत त्यांची नोंद शिक्षकाने स्वतंत्र ठेवायला हवी. रचना ऐकून वा वाचून समजते पण लिहिली जात नाही, तेथे सराव द्यावा. समजतच नसेल तेथे ती प्रथम शिकवावी. क्लाइनमन यांच्या भेदाचा वर्गातील उपयोग एवढाच, पण तो मोलाचा आहे.

याच वर्गात वारली, कातकरी किंवा कोकणा बोलणारे मूलही असते. तो येथला मूळ रहिवासी. मराठी माध्यमाच्या शाळेत त्याची प्रथम भाषा मराठीच धरली जाते. त्यामुळे परप्रांतीय मुलाच्या चुकीस ‘शिकतो आहे’ म्हणून जी सवलत सहज मिळते, ती त्यास मिळत नाही. त्याचे घरचे रूप थेट ‘अशुद्ध’ या सदरात जाते. बोर्डीस १९४५ मध्ये कार्य आरंभून पुढे कोसबाडला नेणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलाच्या परिसरातील खडे, पाने, शिंपले यांना शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. त्याच मुलाच्या घरच्या वाक्याला तसा दर्जा औपचारिक शाळेत अद्याप मिळालेला नाही. आणि दोनदा लाल शाई पडली की हे मूलही लहान, निर्धोक वाक्ये लिहू लागते. वर्षअखेर त्याच्या चुका घटलेल्या असतात व प्रगतिपुस्तकात ‘सुधारणा’ असा शेरा येतो.