तक्त्यातला पालक, बांधावरचा तरोटा

‘लोह कशात असते?’ असे विचारले की वर्ग एका सुरात म्हणतो, ‘पालकात!’ शाळेच्या भिंतीवरच्या आहार-तक्त्यांनी ही जोडी पक्की केली आहे. या तक्त्यांबद्दल आमच्या दोन तक्रारी आहेत. एक आकड्याबद्दल, दुसरी भाजीबद्दल.

आधी आकडा पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ते १.१४ झाले. २०१७ च्या नव्या कोष्टकांत ते २.९५ आहे. माती, वाण, पाने धुण्याची आणि मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. संस्थेने स्वतःचे आकडे पुन्हा तपासले, हे विज्ञानाला धरूनच झाले. तक्ते मात्र आकडा कोणत्या सालचा, हे सांगत नाहीत. तो कच्च्या भाजीचा आहे, हेही सांगत नाहीत.

मुलांबरोबर साधा हिशेब करून पाहावा. ५० ग्रॅम पालकात सुमारे दीड मिलिग्रॅम लोह. पालेभाजीतले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. शेकडा ५ धरले तर रक्ताच्या वाट्याला ०.०७ मिलिग्रॅम येते. जेवताना लिंबू पिळले तर शोषण वाढते, जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. परीक्षेतल्या एका शब्दाच्या उत्तरात यातले काहीच येत नाही.

आता भाजी. वडसा (देसाईगंज) परिसरात पावसाच्या पहिल्या सरींनंतर बांधावर, पडीक जागेत तरोटा उगवतो. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. परसात अंबाडी, माठ आणि शेवगा असतो. २०१७ च्याच कोष्टकांत हिरव्या माठात ४.६४ आणि शेवग्याच्या पाल्यात ४.५६ मिलिग्रॅम लोह आहे, म्हणजे पालकापेक्षा जास्तच. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम ३१४ मिलिग्रॅम, पालकात ८२. तरीही चित्र पालकाचेच! त्यामुळे विकतची भाजी पौष्टिक आणि फुकटची गरिबाची, असा धडा मुले आपोआप शिकतात.

यात आणखी एक धोका आहे. चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात रक्तपेशी लवकर तुटतात म्हणून मूल फिकट दिसते. अशा मुलाला ‘पालक खा’ सांगून आपण मोकळे झालो, तर रक्ततपासणी राहून जाते.

पालेभाज्या खाव्यातच. कॅरोटिन, फोलेट, कॅल्शियम यांसाठी त्यांना चांगला स्वस्त पर्याय नाही. फोडणीच्या तेलाने कॅरोटिन शोषले जायला मदत होते. भाजी उकडून पाणी फेकले तर क जीवनसत्त्व आणि फोलेट वाया जाते. तक्ता काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी कोरा कागद लावावा. या महिन्यात घरी कोणती भाजी झाली, कुठून आणली, कशी शिजवली, हे मुलांनीच त्यावर लिहावे. आकडे त्यानंतर शोधावेत.