मर्ढेकरांचे लयतत्त्व आणि दृक्प्रत्ययवादी विवस्त्रा

बा. सी. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाची चिकित्सा मराठीत मुख्यतः साहित्याच्या अंगाने झाली. वास्तविक 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील संवाद, विरोध आणि समतोल हे नियम ज्यांना शुद्ध रूपात लागू पडावेत अशा कला म्हणजे संगीत आणि चित्रकला. चित्रात रंगसंवेदनांची लयबद्ध संघटना तेवढी सौंदर्यदृष्ट्या प्रस्तुत, चित्रविषय अप्रस्तुत. या भूमिकेला सर्वांत अनुकूल भासणारे उदाहरण दृक्प्रत्ययवादी विवस्त्राचित्राचे आहे, आणि नेमके तेथेच ती अडखळते.

रेन्वारने १८७६च्या दुसऱ्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात मांडलेले, उन्हातील स्त्रीदेहाचे चित्र पाहावे. पानांतून झिरपणारा प्रकाश त्वचेवर हिरव्या-जांभळ्या डागांनी उतरतो. देहाची कडा पार्श्वभूमीत विरघळू लागते. (जळगावहून दीड-दोन तासांवरील अजिंठ्याच्या अर्धविवस्त्र आकृती रेषेने सिद्ध होतात, येथे रेषेनेच माघार घेतली आहे.) देह केवळ रंगांचे अधिष्ठान उरला, असे मर्ढेकरांचा अनुयायी म्हणेल. परंतु 'ल फिगारो'तील आल्बेर वोल्फला त्या डागांत कुजणारे प्रेत दिसले. त्याची अभिरुची खुजी होती, यात शंका नाही. पण त्याची प्रतिक्रिया निरर्थक नव्हती. तोच हिरवा रंग पानावर असता तर कोणी दचकले नसते. तो त्वचेवर आहे म्हणूनच विरोध जाणवतो. म्हणजे येथील विरोधलय निव्वळ रंगसंवेदनांतून नव्हे, तर रंग आणि त्याने दर्शविलेली वस्तू यांच्या संबंधातून निर्माण होते. 'अप्रस्तुत' ठरवलेला विषय लयीच्या घटकांतच बसलेला आहे.

देगाच्या १८८६मधील, टबात स्नान करणाऱ्या स्त्रीच्या पेस्टलबाबत हे अधिकच खरे. टबाचे वर्तुळ आणि उजवीकडील फळीची सरळ कडा यांची संगती मर्ढेकरी परिभाषेत सहज मांडता येते. मात्र ओणव्या देहाचा भार पेलणारा हात हा हात आहे हे विसरले, की चित्राचा समतोलच ढळतो.

साहित्याचे माध्यम म्हणून मर्ढेकरांनी भावनात्मक अर्थ स्वीकारला. चित्राला तो नाकारला. माध्यमभेदाचा त्यांचा युक्तिवाद येथे पुरा पडत नाही. 'काही कविता' (१९४७)वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा आक्षेपकांनी वोल्फप्रमाणेच देह तेवढा पाहिला. खानदेशातील फैजपूर येथे १९०९ साली जन्मलेल्या या कवीच्या त्या कवितांतील विरोधही देहाच्या अर्थावाचून उभा राहत नाही. तेथे सिद्धांताने अर्थाला दार उघडे ठेवले आहे. रेन्वारच्या त्वचेवरील हिरव्या रंगाला ते बंद का असावे?