किडलेली रत्ने

दोष दाखविणे हे टीकाकाराचे पहिले कर्तव्य होय, अशी समजूत आपल्या शिक्षितवर्गात फार दिवस रूढ आहे. आणि जन्मभर उत्तरपत्रिका तपासण्यात घालविलेल्या आमच्यासारख्याच्या हाती तर ती लाल शाईच्या रूपाने नित्य नांदत आलेली आहे. मम्मटाने काव्याचे लक्षण सांगताना शब्द आणि अर्थ दोषरहित असावेत ही अट सर्वांच्या आधी घातली. पुढे विश्वनाथाने साहित्यदर्पणात या अटीची जी झडती घेतली ती प्रसिद्धच आहे. सर्वस्वी निर्दोष असे काही सापडणे दुर्घट. अट पाळावयाची म्हटली तर काव्य नावाची वस्तूच जगातून उठून जाईल. आणि किड्याने पोखरलेल्या रत्नाचे मोल उतरले तरी त्याचे रत्नपण जात नाही, असे त्याचे म्हणणे. हा वाद आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविला. त्यातील मर्म आम्हांस उमगले ते मात्र गेल्या पावसाळ्यात, मुलचेऱ्यास, आणि तेही संगणकावरील खेळांच्या पायी, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

नदीनाले भरून आठ दिवस रस्ता बंद होता. वीज मनास येईल तेव्हा येई व जाई. आमचा एक माजी विद्यार्थी सुटीत गावी येऊन अडकून पडला होता, त्याने आमच्या जुन्या संगणकावर पाच-सहा खेळ चढवून दिले आणि म्हणाला, "सर, यातला एकही धड नाही. पण बघाच एकदा." नवे खेळ शंभर-शंभर गिगाबाईटचे असतात, इथल्या नेटवर ते उतरवून घ्यावयाचे म्हणजे पंधरवड्याची निश्चिंती. जुने मात्र पेनड्राइव्हवर मावतात. या निव्वळ अडचणीमुळे आमच्या वाट्यास १९९९ ते २००४ हा काळ आला, आणि तो या कलेचा मोठा चमत्कारिक काळ निघाला.

ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ काढला. चारचौघे मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो, आणि यशापयशाचा निवाडा फासे करतात. संगणकाने सूत्रधाराची आणि फाशांची जागा घेतली, तो 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे भूमिकेचा खेळ. पात्र बलदंड असावे की वाक्चतुर, मंत्रविद्या जाणणारे की यंत्रविद्या, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. आणि त्या निवडीप्रमाणे खेळातील जगाने त्याच्याशी वागावयाचे. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात 'सविकल्प समाधी'चा विचार मांडला. आपण आपण राहूनच दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो व त्यातून वाङ्मयाचा आनंद उपजतो, हे त्याचे सार. कादंबरीत हे शिरणे मनातल्या मनात होते. या खेळांत ते हाताने करावे लागते, आणि आपण घेतलेले सोंग आपणांसच निस्तरावे लागते.

विद्यार्थ्याचे म्हणणे खोटे नव्हते. २००१ सालचा 'आर्केनम' हा ट्रॉइका या छोट्या संस्थेचा पहिला खेळ. टिमोथी केन, लेनर्ड बॉयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी ती १९९८ साली काढली. मंत्रतंत्राच्या जगात वाफेचे यंत्र अवतरले आहे, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही, एवढ्या एका कल्पनेवर सारा डोलारा उभा आहे. मंत्रविद्येत फार पुढे गेलेल्या माणसास आगगाडीत घेत नाहीत, कारण त्याच्या सान्निध्याने एंजिन बिघडावयाचे! आम्ही हौसेने मांत्रिक झालो आणि स्थानकावरून माघारी आलो, तेव्हा अपमान वाटला, हसूही आले. बुद्धीचा अंक अगदी खाली ठेवून मठ्ठ पात्र घेतले, तर त्याच्या तोंडी येणारी सारी वाक्ये तशीच बोबडी लिहिलेली आहेत. म्हणजे एकाच खेळाचे संवाद लेखकांनी दोनदा लिहिले. आता दुसरी बाजू. मारामारी अशी की पाहवत नाही. 'हार्म' नावाच्या एका साध्या मंत्राने जवळजवळ सारे शत्रू लोळतात, आणि यंत्रविद्या घेणारा बिचारा आरंभी उंदरांच्या हातून मरतो. तोल म्हणून नाही.

परंतु हा तोल का नाही याचा विचार करू लागलो, तेव्हा आमची लाल शाई थबकली. इतक्या परस्परविरोधी माणसांना एकाच जगात वावरू द्यावयाचे म्हटल्यावर प्रत्येकाची वाट सारख्या लांबीची राहणार कशी? ती सारखी करता आली असती. पण मग मांत्रिकास आगगाडीतही बसवावे लागले असते.

जर्मनीतील पिराना बाइट्स या संस्थेचा 'गॉथिक' (२००१) याच जातीचा. राजाला युद्धासाठी जादूचे खनिज हवे, म्हणून कैद्यांना खाणींच्या खोऱ्यात टाकले आहे; पळू नयेत म्हणून बारा मांत्रिकांनी घातलेले कुंपण हाताबाहेर वाढून स्वतः मांत्रिकांनाही आत कोंडून बसले आहे; आणि कैद्यांनी खोरे ताब्यात घेऊन राजाशीच खनिजाचा सौदा मांडला आहे. सूरजागडचे खनिज वाहून नेणाऱ्या गाड्यांची रांग पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील माणसास ही कथा फार परकी वाटू नये. या खेळाची हाताळणी मात्र विलक्षण अवघड. जमिनीवरची एक वस्तू उचलावयास दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. पहिले दोन दिवस आम्ही एका कोंबडीसारख्या पाखराकडून मार खात होतो. पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. शिक्षण नसलेला आमचा नायक एका हाताची तलवार दोन्ही हातांनी, काठीसारखी धरीत होता. गुरू करून शिकल्यावर त्याची पकड बदलली, पवित्रा बदलला. अंक वाढल्याचे कोणी येऊन सांगितले नाही. ते अंगात दिसले. आमची बोटेही तोवर कळांना सरावली होती. खेळणाऱ्याचे अडाणीपण आणि नायकाचे अडाणीपण अशी बरोबरीने झडत जातात. ही सारी अवघडता कर्त्यांनी जाणूनबुजून ठेवली असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. पुष्कळशी ती अननुभवाचीच असेल. पण ती कथेच्या कामी आली एवढे खरे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की प्रोफेसरांनी सारे दोष गुणांच्या खाती जमा करण्याचा चंग बांधला आहे. तसे नाही. या खेळांच्या भक्तांत दोषांचीच पूजा करणारा एक पंथ आहे. जितके मोडके तितके थोर, असे त्यांचे गणित. त्यांच्याशी आमचे जमत नाही, आणि याला कारण पुन्हा मम्मटच. ज्याच्या लक्षणावर विश्वनाथाने टीका केली, त्याच मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात दोष कशास म्हणावे हेही सांगून ठेवले आहे: जे मुख्य आहे त्याचा ज्याने घात होतो तो दोष. ही कसोटी हाती आली म्हणजे गोंधळ राहत नाही. भूमिकेच्या खेळात मुख्य काय? तुम्ही जे झालात त्याची जगाने दखल घेणे. तेवढे शाबूत असेल तर बाकीची किडलेली ठिकाणे सोसता येतात. तेच गेले, तर वरचा सारा झगमगाट व्यर्थ.

ट्रॉइकाचाच २००४ सालचा 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स' घ्या. आजच्या लॉस अँजेलिस शहरात रक्तपिपासू पिशाच्चांची गुप्त जमात राहते. तिची सात कुळे. खेळणाऱ्याने एक निवडावे. नॉस्फेरातू कुळ घेतले तर रूप इतके भेसूर की माणसांच्या नजरेस पडताच नियमभंग होतो, म्हणून सारे शहर गटारांतून ओलांडावे लागते. माल्केव्हियन कुळ घेतले तर माणूस वेडा, पण वेडाच्या भरात पुढचे बोलून जाणारा. त्याचे सगळे संवाद निराळे. एका पडक्या हॉटेलातील प्रसंगात तर एकही शत्रू समोर येत नाही, नुसत्या चाहुलींवर भय उभे केले आहे. वीज गेलेल्या रात्री तो भाग आम्ही अर्ध्यावर सोडून उठलो, हे कबूल करतो. हा खेळ बाहेर पडला तेव्हा चुकांनी बुजबुजलेला होता. 'हाफ-लाइफ २' सारख्या बलाढ्य खेळाबरोबर एकाच दिवशी तो बाजारात आला आणि झाकोळला. २००५ साली संस्था मिटली. त्यानंतर एका जर्मन रसायनतज्ज्ञाने स्वतःच्या वेळात, पदरचा वेळ मोडून, वर्षानुवर्षे त्याची डागडुजी केली.

सर्व समीक्षक या चुकांबद्दलच बोलतात. आमच्या मते त्या मुळी दोषच नव्हेत. त्या अपघात होत, आणि दुरुस्त झाल्या. खरा दोष कोणाही रसायनतज्ज्ञास काढता आला नाही. खेळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात बोलणे संपते आणि नुसती कत्तल उरते. ज्याने मधुर वाणी कमाविली, ज्याने लोकांची मने वळविण्याची विद्या घेतली, त्याला अरुंद बोगद्यांत आणून तलवार चालवावयास लावतात. इतका वेळ ज्या जगाने आमची ओळख ठेवली, त्याने ऐन वेळी ओळख विसरावी! हा मुख्याचाच घात आहे, आणि तो गटारे, हॉटेल व वेडे संवाद यांच्या प्रेमापोटी झाकून ठेवणे म्हणजे टीका नव्हे.

उलट १९९९ सालचा, ब्लॅक आइलचा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' पाहा. यातील मारामारी इतकी कंटाळवाणी की ती कोणी केली तर त्याची कीव यावी. परंतु मरण नसलेला, आठवण नसलेला, शवागारात जागा होणारा तो अनामिक नायक शेवटच्या सामन्यात शस्त्र न उचलता केवळ बोलून, स्वतःस ओळखून सुटू शकतो. माणसाचा स्वभाव कशाने पालटतो, या प्रश्नाभोवती सारी रचना फिरते आणि उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावयाचे असते. किडीने टरफल खाल्ले, गर राहिला. मारामारीच्या बाबतीत दोन्ही खेळ सारखेच नापास; पण एकास आम्ही थोर म्हणतो व दुसऱ्यास थोर होता होता राहिलेला, याचे कारण एवढेच. आणि ट्रॉइकाचाच मधला खेळ, 'टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' (२००३), याच्या उलट टोकाचा. फाशांचे नियम त्यात मोठ्या निष्ठेने उतरविले आहेत, लढाई बुद्धिबळासारखी रेखीव. मात्र त्या देवळात कोणी राहते असे वाटतच नाही. तो आम्ही दोन दिवसांत सोडून दिला.

गुणांकनाचा एक किस्सा या जगात प्रसिद्ध आहे. ऑब्सिडियन या संस्थेने 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा खेळ २०१० साली दिला, समीक्षांची सरासरी ८५ भरली तर संस्थेस जादा रक्कम मिळावयाची होती, आणि ती ८४ भरली. हे संस्थेच्या क्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ साली उघड केले. एका गुणाने गेलेला विद्यार्थी आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. तो एक गुण देण्याचे आमच्या हाती होते, असेही कित्येकदा झाले आहे.

आपल्या देशातील उद्योग अजून कोवळा आहे. पायरोडॅक्टिल या संस्थेच्या 'अनरेस्ट' (२०१४) मध्ये दुष्काळाने गांजलेले भीमरा नावाचे प्राचीन भारतीय नगर आहे. मनाविरुद्ध लग्न ठरलेली शेतकऱ्याची मुलगी आहे, नागांचा वकील आहे. आणि लढाई बहुतेक ठिकाणी टाळता येते. चित्रे ताठर, पसारा लहान. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा काटेकोरपणे भूमिकेचा खेळ नव्हे. त्यातले महाल आणि भित्तिचित्रे देखणी आहेत, आणि शेवट मात्र वाक्य अर्ध्यात तुटावे तसा. आम्हांस 'राजी'पेक्षा 'अनरेस्ट' अधिक भावला. जे मुख्य, त्याच्या दिशेने तो चालला होता. पुष्कळ अंतर चालला नाही, इतकेच.

हे सारे चालू असता आम्हांस एक जुनी गोष्ट छळू लागली. आमच्या या मुलखात दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशाहून मंडळ्या निघतात, खेळ रात्रभर चालतो. कथेच्या ऐन भरात विनोदी पात्र येऊन अर्धा तास खाऊन जाते, मध्येच लावणी येते. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वृत्तपत्रांनी चार दिवस कौतुक केले. एरवी त्या नाटकांची गणना दोषांच्या यादीतच. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने झाडीबोलीत लिहिलेले तीन अंकी नाटक आम्हांस वाचावयास दिले होते. आम्ही ते आठवड्याने परत केले, प्रत्येक पानावर लाल खुणा करून. दुसऱ्या अंकाचा पहिल्याशी मेळ नाही, स्थलैक्य नाही, विनोद उपरा, शुद्धलेखन अशुद्ध: सारे शेरे बरोबर होते, आजही बरोबरच वाटतात. त्यात मोहफुले वेचणारी एक म्हातारी आणि नवा वनरक्षक यांचा एक प्रवेश होता. म्हातारी त्याला जंगलातील झाडे एकेक करून ओळखावयास लावते आणि त्याला एकही येत नाही. इतक्या वर्षांत शेकडो उत्तरपत्रिका आणि कित्येक छापील नाटके डोळ्यांखालून गेली. त्यांतले फारसे काही आठवत नाही, हा प्रवेश आठवतो. त्याच्या समासात आम्ही 'अनावश्यक' असे लिहिले होते.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही त्यास पत्र टाकले, की वही असेल तर पुन्हा पाठवावी. उत्तर आले. वही छपराखाली भिजून गेली, असे त्याने लिहिले आहे. म्हातारीचा प्रवेश मात्र आपणांस तोंडपाठ आहे, सर म्हणत असतील तर दिवाळीत येऊन म्हणून दाखवितो, पण तो काढून टाकावयास सांगितला होता ना?