फुरफुरी नगरातल्या बायका कुठे गेल्या?

सुट्टीत लेकीची मुलगी आमच्या माधव नगरच्या घरी येते, तेव्हा दुपारी टीव्हीवर तिचंच राज्य. रोज मोटू-पतलू. आधी मी नाक मुरडलं. मग भाजी निवडता निवडता बघू लागले आणि हसूही लागले. रिकाम्या पोटी मोटूचं डोकं चालत नाही म्हणे! त्याचा समोसा बटाट्याचा, आमच्याकडे कच्च्या केळ्याचा. पण भुकेचं हे शास्त्र कुठल्याही गृहिणीला पटेल.

या मालिकेच्या पडद्यामागच्या गोष्टी मालिकेहून मजेदार. ही जोडी मूळची 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकातली. २०१२ साली ती निकलोडियनवर आली. मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने ती घडवली, दिग्दर्शक सुहास कडव. खरी गंमत आवाजाची आहे. मोटू आणि पतलू, दोघांचाही आवाज एकाच माणसाचा, सौरव चक्रवर्ती यांचा. डॉक्टर झटका, घसीटाराम, इन्स्पेक्टर चिंगम, तेही तेच!

हे कळल्यावर मी एक भाग डोळे मिटून ऐकला. एक आवाज चिडतो, दुसरा त्याला समजावतो, आणि दोघांत क्षणाचीही गफलत नाही. भांडणही स्वतःशीच, समेटही स्वतःशीच. कथेत मात्र तीच धावपळ, तीच मारामारी. माझ्या मते इथला विनोद कथेपेक्षा गळ्यावर उभा आहे.

एका संध्याकाळी शेजारच्या मुलांनी अंगणात हाच खेळ मांडला. मोटू ठरला, पतलू ठरला, चिंगम ठरला. नात विचारते, "मी कोण होऊ?" कुणालाच सुचेना. शेवटी तिला चहावाला केलं. रात्री कुशीत शिरून म्हणाली, "आजी, तिथे मुली नसतातच का गं?" मी उत्तर द्यायला गेले आणि अडकले. नेहमीच्या मंडळींत मला एकही बाई आठवेना. एक गळा अख्खं गाव वसवतो, याचं कौतुक करताना गावात कोण नाही, हे मी पाहिलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, या धंद्यात बायका आहेत बरं का. हिंदीतल्या डोरेमॉनला आणि छोटा भीमला कितीतरी वर्षं आवाज दिला तो सोनल कौशल यांनी. म्हणजे बोलते बाई, दिसतो मुलगा. आणि आपल्या लहानपणी? १९७४ साली विजया मुळे या मराठी बाईंनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'एक अनेक और एकता' हा छोटासा चित्रपट केला. संगीत वसंत देसाईंचं, गाण्यात चिमुकल्या साधना सरगमचा आवाज. त्यात धाकट्या भावाला सगळं समजावून सांगते ती ताई. दूरदर्शनवर तो कितीदा पाहिला आपण! खेळात ताई कोण होणार, यावर भांडणं व्हायची.

मोटू-पतलू मी बंद केलेलं नाही. हसण्यावर बंदी कशाला? दुसऱ्या दिवशी नातीने आपलं आपणच ठरवून टाकलं, ती डॉक्टर झटकाची मोठी बहीण. पोरांनी मुकाट्याने ऐकलं. मालिका लिहिणाऱ्यांना जे सुचलं नाही, ते तिला अंगणात पाच मिनिटांत सुचलं.