अभिवृत्ती सकारात्मक, पण नोट्स कुठं आहेत?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका अशा विषयाबद्दल बोलूया जो सिनॉप्सिसमध्ये अगदी सहज बसतो: 'विद्यापीठीय शिक्षकांची मुक्त शैक्षणिक संसाधनांविषयीची अभिवृत्ती'. साचा ठरलेला असतो. पाच-बिंदू लिकर्ट मापनी, दोनशेच्या आसपास न्यादर्श, 'पुरुष आणि स्त्री शिक्षकांच्या अभिवृत्तीत सार्थक फरक नाही' अशी शून्य परिकल्पना, मग टी-टेस्ट. शेवटी निष्कर्ष येतो की अभिवृत्ती सकारात्मक आहे, जाणीव वाढवण्यासाठी कार्यशाळा घ्याव्यात. माझी हरकत अशी आहे की या साच्यातून शिक्षक काय म्हणतात एवढंच कळतं. ते काय करतात हे कळत नाही, आणि विद्यार्थ्याच्या हातात काय पडणार हे तर त्यावरच ठरतं.

आधी संकल्पना स्पष्ट करू. 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' म्हणजे ओईआर ही संज्ञा 2002 मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत पुढे आली. इंटरनेटवर फुकट दिसतं ते सगळं ओईआर नसतं. डेव्हिड वायली यांनी यासाठी पाच परवानग्या सांगितल्या आहेत: स्वतःकडे ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या सामग्रीत मिसळणं आणि पुढे वाटणं. या परवानग्या आधीच लिहून दिलेल्या असतात, बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यातून. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल घ्या. त्याचा परवाना खुला आहे, म्हणून एकच धडा मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या आवाजात मिळतो. युट्यूबवरचा एखादा लोकप्रिय व्हिडिओ मात्र फुकट बघता येतो, पण विचारल्याशिवाय त्याचं भाषांतर करून पुढे टाकता येत नाही. मोफत आणि मुक्त यांतला फरक हा एवढा आहे.

आता भारतातला एक महत्त्वाचा अभ्यास बघू. संजय मिश्रा आणि अल्का सिंग यांनी चार भारतीय विद्यापीठांतल्या शिक्षकांची ओईआरविषयीची अभिवृत्ती, प्रेरणा, गुणवत्तेची समज आणि अडथळे तपासले. ते प्रकरण 2017 मध्ये 'रोअर फॉर डी' या प्रकल्पाच्या ग्रंथात आलं. हा ग्रंथ स्वतःच खुल्या परवान्याखाली आहे, तेव्हा डाउनलोड करून वाचाच. यातली चांगली गोष्ट म्हणजे त्यांनी मापनीसोबत मुलाखतीही घेतल्या. आकडे 'हो' म्हणत असताना कामाचा बोजा, कॉपीराइटची अपुरी समज आणि कामाची दखल न घेतली जाणं हे अडथळे पुढे येतात ते त्यामुळेच. आपल्याकडे अशा अभ्यासाची नक्कल होते तेव्हा मापनी तेवढी उचलली जाते आणि मुलाखती वेळेअभावी गळतात. म्हणजे अभ्यासाचा जो भाग काही नवं सांगू शकला असता, तोच जातो.

'ज्ञान सर्वांसाठी खुलं असावं असं मला वाटतं' असं एखादं विधान मापनीत असेल, तर कोणता प्राध्यापक 'पूर्णतः असहमत'वर खूण करील? क्रॉनबॅक अल्फा 0.85 आला म्हणून खूश होऊ नका. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. दोन अंश जास्त दाखवणारा थर्मामीटरही दर वेळी सारखंच वाचन देतो!

म्हणणं आणि वागणं यांतली ही दरी जुनी आहे. रिचर्ड लापियर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1934 चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष असलेल्या काळात तो एका तरुण चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरला. 251 हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारलं गेलं. नंतर त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, चिनी पाहुणे स्वीकाराल का? उत्तर दिलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' कळवलं. या अभ्यासातही दोष आहेत. पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवर बसलेला माणूस एकच असेल कशावरून? तरी प्रश्न टिकून राहिला. पुढे आयझेन आणि फिशबाइन यांनी त्यावर मार्ग दाखवला: विशिष्ट कृतीचा अंदाज हवा असेल तर अभिवृत्तीही त्याच विशिष्ट कृतीबद्दल विचारा. 'ओईआर चांगलं आहे का' आणि 'या सेमिस्टरच्या तुमच्या नोट्स नाव घालून, खुल्या परवान्यानं टाकाल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या वऱ्हाडी भाषेत सांगायचं तर, चांगलं आहे ना? हाव. मग टाकलं काहून नाही?

मापनी मराठीत आणताना आणखी एक अडचण येते आणि ती कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. महाराष्ट्रात 'मुक्त' म्हटलं की नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आठवतं. ते 1989 मध्ये स्थापन झालं आणि घराघरात पोहोचलं. त्यामुळे 'मुक्त शैक्षणिक संसाधने' वाचून एखाद्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे दूरशिक्षणाची पुस्तकं येऊ शकतात. तो खूण करतो ती त्या शिक्षणाविषयीच्या आपल्या मतावर, आणि तुम्ही ती ओईआरच्या खात्यात जमा करता. वैधतेचा हा प्रश्न भाषांतर तपासून सुटत नाही. दहा शिक्षकांसमोर बसून 'या शब्दावरून तुमच्या मनात काय आलं?' असं विचारावं लागतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1983 चं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांना अभ्यासक्रम एकच. म्हणजे बी.एस्सी.च्या त्याच युनिटच्या नोट्स पाच जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात. त्या वाटल्याही जातात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ म्हणून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून. पण त्यावर नाव नसतं, परवाना नसतो, आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करायला मूळ फाइल नसते. या शिक्षकांना 'शेअरिंगबद्दल नकारात्मक' म्हणाल तर चूक, आणि 'ओईआर वापरणारे' म्हणाल तरीही चूक. मापनीत या वागण्याला रकानाच नाही.

शिवाय न्यादर्शात कोण येतं तेही बघा. यादी बहुधा पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षकांची असते. तासिका तत्त्वावर शिकवणारे तिच्यातून सुटतात. ज्याला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हेच माहीत नाही, त्याच्यासाठी नोट्स हे भांडवल आहे. ते त्यानं फुकट का द्यावं? पूर्णवेळ शिक्षकाचा हिशेबही समजून घ्या. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत ई-कंटेंटच्या एका मॉड्यूलला 5 गुण आहेत, तर विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला 8. मेहनत कुठं जाणार हे सांगायला टी-टेस्ट लागत नाही. अशा वेळी 'जाणीव वाढवा' हा निष्कर्ष नुसता अपुरा नाही, तो दोष शिक्षकाच्या मनावर टाकून व्यवस्थेला मोकळं सोडतो. आणि धारणीच्या मुलीला चांगल्या मराठी नोट्स मिळाल्या की नाही, हे कोणी मोजतच नाही.

मग करायचं काय? विषय सोडू नका, प्रश्न बदला. शिक्षकाला त्यानं शेवटचं शिकवलेलं युनिट घेऊन बसवा. साहित्य कुठून घेतलं, त्यात काय बदललं, फाइल आज कुठं आहे, ती कोण उघडू शकतं, नाव घातलं का, नसेल तर का नाही? शक्य असेल तर परवानगी घेऊन फाइल प्रत्यक्ष बघा. फॉर्म फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कारण तिथं उत्साही मंडळीच भरून देतात. आणि 'अमरावती-अकोला' लिहिताना लक्षात ठेवा, अकोल्यात 1969 चं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही आहे. तिथला अभ्यासक्रम आणि व्यवस्था वेगळी, त्यामुळे दोन्हींची सरासरी एकत्र काढू नका.

असे वीस शिक्षक नीट अभ्यासले तर संख्या लहान दिसेल आणि गाईड कदाचित 'न्यादर्श कमी आहे' म्हणतील. तेव्हा ही वीस उत्तरं पाच जिल्ह्यांना लागू होतील असा दावा करायचा नाही, हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. दावा एवढाच ठेवा की नोट्स कुठं अडतात आणि का अडतात हे तुम्ही दाखवणार आहात. तेवढं कळलं तर मोठ्या सर्वेक्षणात काय विचारायचं हे पुढच्या संशोधकाला तरी माहीत असेल.