बाहुलीचा चेहरा

डेअर राइट या अमेरिकेतील छायाचित्रकार लेखिकेचे ‘द लोन्ली डॉल’ हे पुस्तक १९५७ साली निघाले. गोष्ट इवलीशी: एडिथ नावाची एकटी बाहुली, आणि तिच्याकडे राहायला आलेली दोन अस्वले. पण ती सांगितली आहे कृष्णधवल छायाचित्रांतून. ही बाईंच्या बालपणीचीच बाहुली. चेहरा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच. मग ती कधी उदास, कधी खट्याळ कशी दिसते? मान जरा कलती केली, हात सैल सोडले, भोवती रिकामी जागा ठेवली, की उरलेले दुःख वाचक पदरचे घालतो. हीच बाईंची किमया.

एका ठिकाणी मात्र ती फसते. खोडी केली म्हणून मोठे अस्वल एडिथला मांडीवर पालथी घालून चोपते. तिथे चित्रच सारे सांगून टाकते, आणि मार तेवढा डोळ्यांत खुपतो. ते पान मला नकोसे वाटते. खोटे मात्र वाटत नाही. भातुकलीत बाहुलीला दटावणारी आपली चिमुरडी कोणाच्या आवाजात दटावते, ते दाराआडून एकदा ऐकावे. बाहुलीचा स्वभाव म्हणतात तो घरातूनच आलेला असतो.